हद्दीवरची भाऊबीज

काशिनाथ गुरुजींशी कर्नाटकावरून वाद घालायला गेलेला एकही माणूस जिंकून परत आलेला मी पाहिला नाही. लोहाऱ्याच्या शाळेत मी नवा शिक्षक म्हणून हजर झालो, त्या दिवशी त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाव कोणतं?" म्हणालो, भूम. गुरुजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भूम? म्हंजी पार मावळतीला. तुमाला हद्दीचं दुखणं काय कळणार, बाबा!" आणि लगेच आपल्या डब्यातली शेंगाचटणी माझ्या भाकरीवर वाढली. राग आणि जेवण या दोन गोष्टी त्या माणसानं कधी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत.

बुटकी अंगकाठी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर टोपी, पांढराशुभ्र सदरा. आवाज मात्र असा की चौथीच्या वर्गात ते पाढे घ्यायला लागले की शेजारच्या तहसीलच्या आवारात उताऱ्यासाठी बसलेली माणसंही मनातल्या मनात पाढे म्हणायची. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा ते खडू न उचलता एका दमात काढायचे. आमच्या जिल्ह्याच्या खालच्या अंगाला आले की त्या नकाशाला हटकून पोट सुटायचं. पलीकडची जी गावं त्यांच्या मते आपली, ती सगळी त्या पोटात. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "गुरुजी, हा नकाशा कुठल्या पुस्तकातला?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "पुस्तक मागचं हाय साहेब, नकाशा पुढचा हाय." साहेब हसले, आम्हीही हसलो. गुरुजी काही हसले नाहीत, कारण त्यांनी ते थट्टेत म्हटलेलंच नव्हतं.

कर्नाटकाचा गूळ घरात येऊ द्यायचे नाहीत. त्यांचे मंत्री, त्यांची धरणं, त्यांच्या पाट्या, सगळ्यांचा उद्धार शाळेच्या मधल्या सुट्टीत व्हायचा. कानडी येत असून बोलायचे नाहीत. कुणी कानडीत रस्ता विचारला तर मराठीत सांगायचे, तेही सावकाश आणि नीट, समोरच्याला कळेपर्यंत तीन-तीनदा. एका सकाळी मी त्यांच्या गोठ्याशी दूध आणायला गेलो तर आतून आवाज, "बा, बा... सुम्न निंद्र..." डोकावलो. गुरुजी म्हशीला गप उभी राहा म्हणून कानडीत सांगत होते! म्हैस पलीकडच्या बाजारातनं आलेली, तिला दुसरं काही कळतच नव्हतं. मला बघून गुरुजी कासावीस झाले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "जनावराला कसलं राजकारण, गुरुजी? ते मुकं हाय." मी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे शाळेत सांगितलं, गावात नाही.

एवढा राग कशापायी, हे मला पुढं काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं सांगितलं. गुरुजी सात वर्षांचे असताना आई आणि वडील एकाच वर्षात गेले. मागं राहिली ती आठ वर्षांनी मोठी बहीण, आक्का. तिचं लग्न तेव्हा नुकतंच पलीकडच्या कडेहळ्ळीला ठरलं होतं. पंधरा वर्षांची पोर, पण भर मांडवात सासऱ्याला म्हणाली, "माझा तम्मा माझ्यासंगं येईल. न्हायतर मीबी येत न्हाय." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. सासरा भला माणूस, हसून हो म्हणाला. नवरीसोबत तिचा भाऊही सासरी गेला. चार इयत्ता तिथल्या कानडी शाळेत शिकला. तिथली पोरं त्याला मराठी म्हणून चिडवायची. मग चुलत्यानं पुढच्या शिक्षणाला लोहाऱ्यात आणला, तर इथली पोरं "कानड्या आला, कानड्या आला" म्हणून मागं लागायची. दोन्हीकडनं चिडवलेलं पोर शेवटी एक बाजू धरतं आणि मग ती जळूसारखी धरतं. काकूंचं म्हणणं असं, आणि मला ते पटतं.

आता गुरुजींनी घेतलेल्या एका शपथेचं सांगतो. गुरुजी तेव्हा पंचविशीतले, नोकरी नवी, लग्न नवं. सीमाभागासाठी बाजारात सभा होती. मोठमोठे बोलून गेले आणि कुणीतरी गुरुजींना वर ढकललं. सरकारी नोकर माणसानं दोन शब्द बोलून खाली यावं की नाही? पण समोर गर्दी, अंगात रक्त. गुरुजींनी हात वर केला आणि गरजले, "सीमाभाग महाराष्ट्रात आल्याबिगर म्या त्या मातीला पाय लावणार न्हाय!" टाळ्यांनी बाजार दणाणला. लोकांनी खांद्यावर घेऊन घरी आणून सोडलं. दारात काकू उभ्या. त्यांनी एवढंच विचारलं, "आन् भाऊबीजेला?"

काकू सांगायच्या, गुरुजींच्या तोंडाचा आ झाला तो मिटेचना. मग म्हणाले, "अगं, आक्काचं गाव त्यात कुठं येतंय?"

"मग कुठं येतं?"

त्यांच्या खरंच ध्यानात नव्हतं. कडेहळ्ळी त्यांच्या लेखी कर्नाटकात कधी नव्हतंच, ते आक्काचं गाव होतं. टाळ्या वाजवणारे आठ दिवसांत सगळं विसरले असते. पण दिलेला शब्द गिळायचा, हे त्या माणसाला जमणारं नव्हतं. निरोप गेला. आक्काचा उलटा निरोप आला, "भाषण करणाऱ्याला म्हणावं, हद्दीपतोर ये. तितवर मी येते. पर तू पुढं येत न्हाईस, तर मीबी एक पाऊल पुढं टाकणार न्हाय." म्हणजे भाऊ बहिणीच्या सासरी जाणार नाही आणि बहीण माहेरी येणार नाही. एकाच आईची दोघं, दुसरं काय होणार!

तेव्हापासून त्यांची भाऊबीज हद्दीवर. मुरूमच्या पुढं एका जागी डांबराचा रंग बदलतो. अलीकडं आपलं काळपट, पलीकडं त्यांचं करडं. तिथं कडुलिंबाचं झाड आणि अलीकडच्या अंगाला मौलाचाचांचं चहाचं हॉटेल. काळपट डांबराच्या कडेला गुरुजींचा पाट मांडायचा. करड्या डांबरावर आक्का उभी राहायची. तबक तेवढं हद्द ओलांडायचं. आधी गुरुजी सायकलवर जायचे, मग एसटीनं. मी शेजारी राहायला आल्यापासून माझ्या मोटारसायकलवर, वीसेक वर्षं. दर भाऊबीजेला हॉटेलात माणसं मुद्दाम येऊन बसायची, कारण ओवाळून झालं की भांडण असायचं.

आक्का म्हणजे उंच, हाडापेरानं दणकट बाई. कपाळावर आडवं कुंकू, अंगावर कायम इरकल. गुरुजी ओवाळणीला दर वर्षी सोलापुरी लुगडं न्यायचे, इरकल तिकडची म्हणून मुद्दाम न्यायचे नाहीत.

"तम्मा, या लुगड्याची घडी म्या मोडत न्हाय, ठावं हाय न्हवं तुला?"

"नको मोडू. महाराष्ट्राचं हाय, ठेव पेटीत."

"आमच्यात बायांला बस फुकट हाय. तुमच्यात अर्धं तिकीट घेत्यात म्हणं बायांकडनं?"

"आमच्यात पंच्याहत्तरी झालेल्याला फुकट हाय!"

"तुला फुकट हाय, तर येतोस कुठवर? हितवरच न्हवं?"

हॉटेल खदखदून हसायचं. गुरुजी तोंड फिरवून उभे राहायचे. मग आक्का डबा उघडायची, शेंगापोळी मोडून त्यांच्या हातावर ठेवायची आणि हळूच विचारायची, "ऊट आतेन?" जेवलास का. गुरुजी मान हलवायचे. वर्षातनं एकदा, माणसांदेखत, कानडी प्रश्नाला ते तेवढं उत्तर द्यायचे. निघताना दोघंही मागं वळून बघायचे नाहीत. माझ्या आरशात मात्र आक्का दिसायच्या. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या तिथंच उभ्या असायच्या.

हा माणूस नुसता हट्टी होता असं कुणाला वाटेल, म्हणून बसची गोष्ट सांगतो. एका वर्षी दोन्हीकडं माथी भडकली होती. तिकडं आपल्या गाड्या अडवल्या, म्हणून इकडं पोरांनी त्यांची एक बस स्टँडवर अडवली. हातात काळ्या रंगाचे डबे, दोघा-तिघांच्या हातात दगडही. गुरुजींना मानानं बोलावून आणलं, पहिला पट्टा तुम्ही मारा म्हणून. गुरुजींनी ब्रश घेतला, बसपाशी गेले, खिडकीतनं आत पाहिलं. लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसं, सगळी चिडीचूप. एक म्हातारी नुसती हात जोडून बसलेली. गुरुजींनी ब्रश डब्यात ठेवला आणि सरळ बसमध्ये चढून पहिल्या सीटवर बसले. म्हणाले, "आता मारा काय मारायचं ते." पोरं गोंधळली. एक ओरडला, "गुरुजी, तुमची शपथ? बस तर त्यांची हाय!" गुरुजी आतनं म्हणाले, "शपथ मातीची हाय, बसमधी माती नसती." हद्दीपर्यंत बसून गेले. तिथं उतरले, बस पुढं गेली. उन्हात चालत मुरूमला आले आणि तिथनं एसटी धरून घरी. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पुन्हा कर्नाटकाच्या नावानं शिमगा सुरू!

त्यांच्या शेवटच्या दिवाळीआधी आषाढात आक्का पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, अंथरूण धरलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, परत उभी राहायची नव्हती. दिवाळीच्या तोंडावर भाच्याचा, शरणप्पाचा फोन आला. "मामा, औंदा आईला यायला जमत न्हाय." एवढंच म्हणाला. तुम्ही या, असं म्हणायची त्याचीही टाप नव्हती.

दोन दिवस गुरुजी ओट्यावर बसून होते. कुणी काही विचारलं तर हूं. मी काकूंना म्हणालो, जातील हो. काकू म्हणाल्या, "तुमी वळखत न्हाय. पन्नास वर्सं सगळा तालुका त्यांना त्या शपथेवरनं वळखतो. ती सोडली तर मागं काय उरतंय, ह्याचंच भ्याव हाय त्यांला." मला राग आला, खोटं कशाला बोलू? बहीण मरायला टेकली आणि याला तालुक्याची पडली आहे, असं मी मनात म्हणालोही.

भाऊबीजेला उजाडता उजाडता गुरुजी माझ्या दारात. धुतलेला सदरा, काखेत लुगड्याचा पुडा. म्हणाले, "चला. पर सडकेनं नको. रानातनं."

हद्दीवर मौलाचाचांच्या हॉटेलात आज सगळी असणार, ती नजर त्यांना नको होती. ओढ्याच्या कडेनं, तुरीच्या रानातनं, दगडगोट्यातनं गाडी घातली. शहात्तर वर्षांचा माणूस मागं माझा खांदा गच्च धरून बसलेला. दर थोड्या वेळानं विचारायचे, "आली का हद्द?" मला काय ठाऊक! ना दगड, ना पाटी. शेवटी एक मेंढरंवाला भेटला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "हद्द? मागंच गेली की. ती बाभळ दिसतीया, तितं."

"थांबवा," गुरुजी म्हणाले. उतरले. पुडा माझ्या हातात दिला आणि मागं चालत निघाले, पार बाभळीपर्यंत. तिच्या अलीकडं, महाराष्ट्राच्या अंगाला जाऊन उभे राहिले. मग टोपी नीट केली आणि एकेक पाऊल टाकत परत माझ्यापर्यंत आले. धापा टाकत म्हणाले, "मोडायचीच, तर पायानं मोडावी. गाडीवर बसून फुकापासरी कशाला?" मेंढरंवाला आ वासून बघत होता. माझा मनातला राग तिथंच उतरला.

कडेहळ्ळीत त्यांना वाट विचारावी लागली नाही. घराची चौकट बुटकी होती. पन्नास वर्षांनी आलेला माणूस तिच्याशी येताच आपोआप वाकला, कपाळ आपटलं ते माझं. आतनं भाच्याची बायको आली, तिनं ओळखलं आणि तिच्या हातातलं भांडंच पडलं. "अय्यो! मामा, तुमी हितं? आत्ती तर हद्दीवर गेल्या!"

आत्ती, म्हणजे तिच्या सासूनं, आक्कानं, पहाटेपासून घर डोक्यावर घेतलं होतं. टेम्पो आणवला, त्यात बाज टाकायला लावली आणि आडवं पडून, कण्हत कण्हत हद्दीवर गेल्या. सून सांगत होती, "आमी लई समजावलं. म्हणाल्या, म्या गेले न्हाय तर तम्मा हितं येईल. त्यो आला तर लोक त्याला हसतील. म्या जिती हाय तवर त्याला कुणाला हसू देणार न्हाय."

गुरुजी उंबऱ्यावर बसले. मी शरणप्पाला फोन लावला आणि मोबाइल गुरुजींच्या कानाला धरला. पलीकडं आक्काचा आवाज इतका खणखणीत की मलाही ऐकू येत होता.

"तम्मा! कुठं हायस? किती वाट बघू?"

"तुझ्या दारात हाय, आक्का."

मग शिव्या सुरू झाल्या. मराठीतून, कानडीतून. "कुणाला इचारून गेलास? म्या हाडं मोडून घेत हितवर आले, ती कशाला?" शिवी देता देता आवाज फुटला. गुरुजी हुंदके देत होते आणि तशातच कानडीत बोलत होते. सगळ्यांदेखत, मोठ्यानं. आक्का म्हणाल्या, "हलू नको. म्या येते."

टेम्पो यायला अर्धा तास तरी लागणार होता. गुरुजी उठले, डोळे पुसले, सुनेला म्हणाले, "भाकरीचा तुकडा दे. आन् तांब्याभर पाणी." तिला उमगेना. मला उमगलं. माहेरी लेक आली की दारात तिच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकतात. आई ओवाळते, नाही तर भावजय. आक्कावरनं तो पन्नास वर्षं कुणी ओवाळलाच नव्हता.

टेम्पो आला. चौघांनी बाज उचलून दाराशी आणली. गुरुजी पुढं झाले. आक्कावरनं तुकडा तीनदा ओवाळला, लांब टाकला, पाणी फिरवलं. आक्का आडव्या पडून बघत होत्या. म्हणाल्या, "येडा झालास काय? घर माझं, आन् माहेरपण मलाच?"

"म्या हाय तितं तुझं माहेर हाय," गुरुजी म्हणाले.

मग आत, भिंतीला टेकवून बसवलेल्या आक्कानं त्यांना ओवाळलं. सुनेनं हाताला आधार दिला. त्या दिवशी कुणी मंत्र्यांचं, बसचं, पाण्याचं नाव काढलं नाही. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आतनं दोघांचं कानडी ऐकू येत होतं, मला त्यातलं फारसं कळत नव्हतं.

त्यानंतर महिनाभरात माझी ढोकीला बदली झाली. पौषात आक्का गेल्या. त्यांच्या मातीला गुरुजी गेले, हे मला फोनवर कळलं. चैत्रात गुरुजीही गेले. म्हणजे मी त्यांना शेवटचं डोळे भरून पाहिलं ते त्या भाऊबीजेलाच, परत येताना. तेवढं सांगतो आणि थांबतो.

निघाल्यावर मी गाडी पुन्हा रानाच्या वाटेला वळवली, तर पाठीवर थाप पडली. "सडकेनं घ्या."

"गुरुजी, हॉटेलात सगळी असतील."

"म्हणूनच म्हणतोय."

करड्या डांबरावरून काळपट डांबरावर आलो. हॉटेल भरलेलं होतं. सकाळी बाजेवरनं आलेली आणि तशीच परत गेलेली आक्का सगळ्यांनी पाहिली होती, त्यावरच बोलणं चाललं होतं. आमची गाडी पलीकडनं येताना दिसली तसं सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. मौलाचाचा किटली हातात धरून म्हणाले, "गुरुजी... तुम, उधरसे?"

गुरुजी उतरले. कपाळावर विभूतीवर ओलं कुंकू, त्याला चिकटलेले तांदूळ. चौथीच्या वर्गातल्या त्या आवाजात म्हणाले, "व्हय. तिकडनंच आलो. भनीकडं गेलतो. ज्याला हसायचंय, त्यानं आत्ताच हसून घ्यावं."

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा एक तरणा गडी चाचरत म्हणाला, "मग गुरुजी, शपथ?"

गुरुजींनी तोंड उघडलं, पण तो आवाज आता राहिला नव्हता. जवळच्या माणसाला कसाबसा ऐकू जाईल असं ते म्हणाले, "पन्नास दिवाळ्या, पोरांनो. पन्नास दिवाळ्या म्या तिला रस्त्यावर उभी केली."